पच्चीस कू बोलतूं

अंकल गल्लीत शिरले की दारं लागायची. आपटून नव्हे, लोक सभ्य होते. आतून कुणीतरी गॅस बारीक करायला उठल्यासारखं उठायचं आणि जाता जाता दार लोटून घ्यायचं. मी स्वतः हे किती वेळा केलंय याची गणती नाही, आणि तेही कॉलेजात पोरांना रसायनशास्त्र शिकवून घरी आल्यावर. त्यामुळे गल्लीला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

आमची गल्ली आबिड्सच्या मागच्या अंगाला. तोंडाशी चर्च आणि मधोमध आमची चार मजली इमारत. आमचं घराणं तीन पिढ्या हैदराबादेत; आजोबा कचेरीत, बाबा कोर्टात, मी कॉलेजात. आईचं माहेर बिदरकडचं. अंकल राहायचे चर्चच्या कुंपणाला लागून असलेल्या दोन खोल्यांत, एकटे. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर मेल नर्स होते. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणत, चर्चमध्ये कुणी 'डॉक्टर' म्हणे, आमच्या इमारतीत अंकल. ताडमाड उंच, हडकुळे, आणि पायात रबरी तळाचे पांढरे कॅनव्हासचे बूट. या बुटांचा आवाज म्हणून यायचा नाही. रात्रपाळीत पेशंटची झोप मोडू नये म्हणून लागलेली सवय, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. तुम्ही जिन्यात किल्ली शोधत असावं आणि मानेमागून आवाज यावा, "सांस कैसी चल री?" माझ्या हातून दोनदा दुधाची पिशवी पडलीय.

कुणाशीही बोलताना ते तोंडाकडे पाहायच्या आधी नखांकडे पाहत. नखं निळसर की गुलाबी, फुगलेली की चपटी. मग पायांकडे. तोंडाचा नंबर शेवटी. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला. नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला कुणी हात पुढे केला तर तो पाव मिनिट धरून ठेवायचे, आणि सोडताना आकडा सांगायचे. खुद्द फादरना त्यांनी एकदा भर अंगणात सांगितलं होतं, "फादर, आपकी नब्ज उछलरी. अचार बंद करो." फादर तरुण होते, हसले, पण त्यानंतर जेवणाच्या पंगतीत अंकल समोर असले की लोणच्याला हात लावत नसत असं म्हणतात.

डिसेंबर लागला की अंकलच्या अंगात यायचं. चर्चवर तारे लागत, गोठ्याचा देखावा उभा राहायला लागे, पोरी घरोघर गुलाबपाकळ्यांच्या साच्यातली ती तळलेली फुलं करायला बसत, आणि अंकल एक खाकी पिशवी खांद्याला लावून निघत. पिशवीत काय? नखं कापायची कात्री, टाल्कम पावडर, रबरी चादर, जुने मऊ पंचे. गल्लीत आणि गल्लीबाहेर जितके म्हातारे अंथरुणाला खिळलेले, त्या सगळ्यांना नाताळच्या आत आंघोळ घालायची, नखं कापायची, पाठीला पावडर लावायची. त्यात ख्रिस्ती किती, हिंदू किती, मुसलमान किती, हे त्यांना विचारलं तर सांगता येत नसे. "घर कू चूना मारते, इश्टार लटकाते," ते म्हणायचे. "बुड्ढे लोगां के नाखून कौन काटता?"

कॅरोल म्हणायला घरोघर जाणाऱ्या टोळीत ते सगळ्यांच्या मागे, टॉर्च घेऊन. गायचे नाहीत. प्रत्येक जिन्याशी आधी स्वतः चढून पाहायचे, पायरी फुटकी असेल तर तिथेच उभे राहायचे, आणि गिटारवाला, तबलावाला, मुली, सगळे वर गेले की मग हलायचे. टोळीला दार उघडणारे लोक सगळ्यांना केक-शेव देत. अंकलच्या हातात बशी द्यायला मात्र कुणी पुढे होत नसे. त्यांनाही ते ठाऊक होतं. ते टॉर्च बंद करून भिंतीशी उभे राहायचे.

कारण एवढंच, की अंकल ज्या घरात जाऊन बसत त्या घरातलं माणूस जात असे.

आता हे वाक्य उलटं आहे, हे मला कळतं. माणूस जायला टेकलं की लोक अंकलना बोलावत. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना दवाखान्याने घरी पाठवलं तेव्हा नऊ दिवस अंकलनी त्यांना कुशीवर वळवलं, तोंडात ओल्या कापसाचं पाणी सोडलं, घाण काढली. मास्तरांचा मुलगा तेव्हा दाराबाहेर उभा राहून फोनवर बोलत होता. मास्तर गेले. मग कोपऱ्यावरच्या तेलवाल्याची बायको गेली. मग माझे बाबा. बाबांच्या वेळी मीच चर्चच्या कुंपणापाशी जाऊन त्यांना हात जोडून घेऊन आले होते. सहा दिवस ते आमच्याकडे बसून होते. आमच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही, म्हणाले, "मरीज के घर का नै पीता मैं." सातव्या दिवशी सकाळी बाबांचे डोळे त्यांनीच मिटले. मी त्यांचे आभार मानले, आणि त्या दिवसापासून त्यांच्याकडे पाहायचं टाळू लागले. अगदी खरं सांगायचं तर मला त्यांची किळस नव्हती, रागही नव्हता. भीती होती. आता घरात आई आणि मी दोघीच उरलो होतो.

आई तर त्यांची सावलीसुद्धा पडू देत नसे. "आला बघ तो," म्हणायची आणि बाल्कनीतून आत यायची. तिच्या माहेरच्या गावात भानामतीच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झालेली. कुणाच्या कपड्यांना आपोआप आग लागली, कुणाच्या अंगावर फुल्या उमटल्या. आणि संशयावरून कुणाला झाडाला बांधून मारलं. ही शेवटची गोष्ट ती फार हळू आवाजात सांगायची.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, पहिल्याच आठवड्यात, सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर उंबऱ्यावर दोन लिंबं ठेवलेली. शेजारीशेजारी, नीट. कुणाच्या तरी भाजीच्या पिशवीतून पडली असतील, मी म्हणाले. लिंबं आईने मला उचलू दिली नाहीत. केरसुणीने सुपलीत ओढून खाली नेऊन टाकायला लावली.

दोन दिवसांनी तिने फिरायला जायला सँडल पुढे ओढली तर आत पांढरा दोरा. वीतभराहून थोडा लांब, दोन्ही टोकांपाशी एकेक गाठ. तिचीच सँडल, माझी नाही. आईने सँडल झटकून दोरा खाली पाडला.

"कोण ठेवून जायलंय गं हे? माझ्या मापाचा दोरा केलाय कुणीतरी."

"अगं, पॅकिंगचा असेल."

"सँडल काय आज आणली का मी?"

तिसऱ्या खेपेला मिठाची पुडी आली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, वर लाल स्केचपेनने ठसठशीत फुली. ती पुडी मी चिमट्याने उचलली. मीठ म्हणजे काय हे मी दरवर्षी शे-दीडशे मुलांना शिकवते, स्फटिकाची आकृती फळ्यावर काढून दाखवते. आणि त्या सकाळी माझा हात त्या कागदाला लागेना. स्वयंपाकघरात येऊन मी हात दोनदा साबणाने धुतले. चिमटासुद्धा धुतला.

मग हे थांबेना. एक दिवस लिंबू, एक दिवस मीठ, पुन्हा दोरा. आईने जेवण टाकलं. कुणीतरी अन्नातून काही घालेल म्हणून घरात शिजवलेलंही तिला नको. मावशीने बिदरहून फोनवर सांगितलं तसं ती रोज तिन्हीसांजेला स्वतःवरून मीठ-मोहऱ्या उतरवून घ्यायची, आणि दिवसभर फक्त ताक प्यायची, मीठ घातलेलं, पेल्यामागून पेला. "मिठाने बाधत नाही," असं मावशीचं म्हणणं. मी तिच्यावर चिडायचे, आणि कॉलेजातून येताना जिना चढायच्या आधी वर पाहून घ्यायचे, उंबऱ्यावर काही आहे का. आई आडवी होईना. पडलं की छातीवर कुणीतरी बसतं म्हणायची. म्हणून खुर्चीतच बसून डुलक्या काढायची. मला वाटलं, भीतीने. तिच्या पायांकडे मी पाहिलं नाही. घरात असून पाहिलं नाही.

शेवटी मी खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींकडे गेले. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त सरकारी इंजिनिअर, शिस्तीचा माणूस. इमारतीचा कॅमेरा कित्येक महिने बंद होता, याची त्यांना त्या दिवशी लाज वाटली असावी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मॅडम, ये मामूली बात नै है. हमारे गाँव में इसके पीछे खून हुए. कल सुबह मैं खुद बैठतूं. दो आदमी और रखतूं. आवाज आया तो भी तुम दरवाजा नक्को खोलो."

"मारामारी नको हं," मी म्हणाले.

"बिलकुल नै," ते म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातच्या सुमाराला मी आतून दाराशी उभी होते. बाहेर धुकं होतं. जिन्याच्या जाळीतून करडा उजेड येत होता. दाराच्या भोकाला डोळा लावला तर समोर कठडा दिसत होता. पावलं ऐकू आलीच नाहीत. एकदम भोकात उंच, हडकुळी आकृती वाकलेली दिसली, आमच्या चपलांच्या फळीपाशी. ते अंकल होते. हातात लिंबू होतं.

मला आश्चर्य वाटलं नाही, हे मला आज सगळ्यात भयंकर वाटतं. मला वाटलं, हो, हाच असणार. बाबांना नेलं, आता आईसाठी आलाय.

तोवर वरच्या आणि खालच्या पायऱ्यांवरून ते तिघे आले. त्यांनी अंकलना कॉलरला धरून भिंतीशी दाबलं. सेक्रेटरींचा आवाज चिरका झाला होता.

"क्या रखते तू? किसने भेजा? बोल!"

अंकल दचकले होते, पण ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "पच्चीस कू बोलतूं."

"क्या?"

"पच्चीस तारीख कू सब मालूम होता. अब्बी नै बोल सकता साहब. कायदा है."

हे ऐकून दाराआड मी दिवस मोजू लागले. पंचवीस तारखेला काय होणार होतं? त्या तिघांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यानंतर पहिली थप्पड बसली. ओल्या फडक्यासारखा आवाज. मग दुसरी. मी कडीवर हात ठेवून उभी होते. तिसरी बसली तेव्हा अंकल म्हणाले, "आहिस्ता जी. अंदर अम्मा की तबीयत..." आणि चौथीने त्यांचं वाक्य तुटलं. माझा हात कडीवर होता. कडी काढायला लागतं काय? बोटभर जोर. मी काढली नाही. मला दार उघडायचं नव्हतं. बाहेर जे चाललंय ते होऊन जाऊ दे, संपू दे, मग आम्ही सुटू, असं मला वाटत होतं. हे वाटणं किती वेळ चाललं ते मला ठाऊक नाही.

मागे स्टूल पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर आई खुर्चीतून घसरली होती. तोंड उघडं, ओठ निळे, आणि छातीतून उकळत्या पाण्यासारखा आवाज. ती मला हाक मारू पाहत होती आणि हाक निघत नव्हती.

तेव्हा मी दार उघडलं. मदतीसाठी उघडलं, "धावा, आईला काहीतरी होतंय" असं म्हणायला उघडलं.

दोघांनी अंकलचे दंड पकडलेले होते. त्यांचा खालचा ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या कमरेशेजारून आत पाहिलं. आधी आईची नखं, मग पाय.

"लिटाना नक्को!" ते ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. "लिटाए तो डूब जाती. बिठाओ!"

ते पुढे झाले तशी आई भिंतीकडे सरकली, हात नाचवत. "शिवू नको... शिवू देऊ नको त्याला..." एवढे शब्द काढायला तिला चार श्वास लागले.

अंकल जागच्या जागी थांबले. "ठीक अम्मा. नै छूता. मैं दरवाजे के बाहर खड़ा रैतूं." मग मला म्हणाले, "टीचरम्मा, तुम करो. मैं बोलतूं वैसा करो."

आणि त्या माणसाने, दोन्ही दंड दुसऱ्यांच्या हातांत असताना, उंबऱ्याबाहेरून माझ्याकडून सगळं करून घेतलं. आईला पलंगाच्या कडेला ताठ बसवा. पाय खाली सोडा, वर नको. पुढे उशी द्या, तिच्यावर हात टेकू द्या. खिडक्या उघडा. पाणी देऊ नका. सेक्रेटरींना त्यांनी अॅम्ब्युलन्स बोलवायला लावलं, आणि काय सांगायचं तेही सांगितलं, "फेफड़े में पानी बोलो, ऑक्सिजन लेके आओ बोलो." सेक्रेटरींनी निमूट तसंच सांगितलं. डाव्या बाजूच्या माणसाला म्हणाले, "जरा मेरा हाथ छोड़ते क्या? घड़ी देखना है." त्याने हात सोडला. अंकल मनगट वळवून आईचे श्वास मोजत उभे राहिले. मधूनमधून ओठ बाहीला पुसत.

आईची नजर त्यांच्यावर होती. तिला माझ्यापेक्षा त्यांची भीती जास्त वाटत होती आणि तरीही ती त्यांच्या आवाजाबरोबर श्वास घेत होती. "लेओ अम्मा... छोड़ो... लेओ..." गाडी येईपर्यंत हेच चाललं. गाडी निघाली तेव्हा मी मागे पाहिलं. अंकल फाटकाशी एकटे उभे होते, आणि ते तिघे त्यांच्यापासून लांब.

कोठी भागातल्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, बसवून आणलंत म्हणून वाचल्या. झोपवून आणलं असतं तर वाटेतच काही उरलं नसतं. हृदय थकलंय, अंगात पाणी साचलंय, बरेच दिवस साचत असणार. "पायांची सूज दिसली नाही का तुम्हाला?" मग त्यांनी कागदावर लिहीत मला पथ्य सांगितलं. मीठ पूर्ण बंद. अळणी जेवण गिळत नसेल तर वर लिंबू पिळा. आणि रोज सकाळी घोट्याला दोरा किंवा टेप गुंडाळून माप घ्या, वाढलं तर लगेच या.

मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना वाटलं मला चक्कर येतेय. त्यांनी पाणी मागवलं.

उरलेलं फादरनी सांगितलं. ते त्याच दिवशी दुपारी दवाखान्यात आले होते. त्यांच्याकडे नाताळच्या आधी एक रीत असते. सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायची आणि प्रत्येकाने एक उचलायची. ज्याचं नाव आलं त्याचे तुम्ही नाताळपर्यंत 'एंजल'. त्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याच्या उपयोगाचं रोज काहीतरी करायचं, पण आपण कोण हे त्याला कळू द्यायचं नाही. पंचवीस तारखेच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर हॉलमध्ये उभं राहून सांगायचं. पूर्वी या डब्यात फक्त चर्चमधल्यांची नावं असत. त्या वर्षी अंकलनी हट्ट धरून गल्लीतल्या सगळ्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची नावं त्यात घातली. काही लोक कुरकुरले. अंकल म्हणाले, "पड़ोसी बोले तो पड़ोसी. उसमें ब्रॅकेट नै है." आणि एका बाईच्या हाती आईच्या नावाची चिठ्ठी गेली ती त्यांनी स्वतःची देऊन बदलून घेतली.

"त्यांना ही रीत फार आवडते," फादर म्हणाले. "त्यांचा चेहरा पाहून लोक दार लावतात ना. यात चेहरा दाखवावा लागत नाही."

दाराबाहेरच्या फळीवरच्या सँडलच्या पट्ट्यावरून अंकलनी आईचा आजार ओळखला होता. पूर्वी बकल तिसऱ्या भोकात असायचं, ते दिवाळीनंतर सैल होत होत पहिल्यात आलं. तिसऱ्या भोकाच्या मापाचा दोरा त्यांनी करून ठेवला होता. गाठी जुळल्या नाहीत तर सूज आहे. त्यांच्या वॉर्डात खेड्यापाड्यांतली माणसं, कुणाला तेलुगू वाचता येत नाही, कुणाला उर्दू, कुणाला काहीच नाही. तिथे अंकल घरी जाणाऱ्याच्या हातात वस्तू देत. फुली मारलेलं मीठ म्हणजे हे बंद. लिंबू म्हणजे हे चालेल. दोरा म्हणजे रोज माप. साऱ्या आयुष्यात एकाही पेशंटचा घोटाळा झाला नव्हता. शिकलेल्या घरात होईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आईला चोवीस तारखेला घरी आणलं. सेक्रेटरी आणि ते दोघे त्याआधीच जाऊन अंकलच्या पाया पडून आले होते. अंकलनी त्यांच्या हाताची सूज पाहिली म्हणे, आणि एकाला बर्फ लावायला सांगितला.

पंचवीसला आई म्हणाली, "मला तिथं घेऊन चल." डॉक्टरांनी जिना नको म्हटलं होतं, इमारतीतल्या लोकांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. चर्चच्या हॉलमध्ये आम्ही पहिल्यांदाच जात होतो. रंगीत कागदाच्या पताका, प्लम केकचा वास, तेलुगू, इंग्रजी, दख्खनी सगळ्याचा कलकलाट. एकेक जण उठून आपण कुणाचे एंजल ते सांगत होता, आणि ती दोघं गळ्यात पडत होती. अंकल मागच्या भिंतीशी उभे होते. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा हॉल शांत झाला. ओठ अजून सुजलेला होता, त्यामुळे बोलणं जड येत होतं. आमच्यासाठी म्हणून ते तेलुगूत न बोलता दख्खनीत बोलले.

"मैं इस अम्मा का एंजल था. फेल हो गया. अच्छा करने गया, डरा दिया. खाना छुड़ा दिया. अम्मा, माफी."

आई खुर्चीतून उठायला पाहत होती, मी तिला धरलं. तिने दोन्ही हात त्यांच्याकडे पसरले. ते आले नाहीत, लांबूनच हात जोडले. शिवायचं नाही असा तिचा शब्द ते अजून पाळत होते. तेव्हा आईनेच मला तिला तिकडे न्यायला लावलं, आणि तिने त्यांच्या सुजलेल्या ओठाला हात लावला. बऱ्याच बाया रडल्या. आई तर रडलीच.

मग अंकल माझ्याकडे वळले.

"एक बात और बोलना है. तीन आदमी मेरेकू मार रैते थे. पूरी बिल्डिंग सुन री थी. कोई नै निकला. ये टीचरम्मा अकेली औरत, दरवाजा खोल के बीच में आ गई. मेरे वास्ते. नै तो मैं आज खड़ा नै रैता."

हॉलभर टाळ्या सुरू झाल्या. फादर टाळ्या वाजवत होते, सेक्रेटरी मान खाली घालून वाजवत होते. मी आईकडे पाहिलं. ती त्या सकाळी माझ्या पाठीमागेच खुर्चीत बसलेली होती. मी दाराशी किती वेळ नुसती उभी होते ते तिने पाहिलं होतं. आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती काही बोललीही नाही, तेव्हा नाही आणि नंतर कधीच नाही. मी हात जोडले आणि लोकांनी दिलेल्या खुर्चीत बसले.

आता अंकल आमच्याकडे येतात. आईच्या पायांचं माप घेतात, चहासुद्धा पितात. गल्लीतली दारं लागत नाहीत. ते थकले आहेत; जिन्यात थांबून थांबून चढतात, आणि मला भीती वाटते की एक दिवस हे असेच जातील आणि मी त्यांना सांगितलेलं नसेल. दर डिसेंबरला नवीन कुणी भेटलं की ते माझ्या खांद्यावर हात ठेवून ती गोष्ट सांगतात. परवा चर्चच्या फाटकाशी एका नवीन नन बाईंना सांगत होते, "ये दरवाजा खोली सिस्टर, मेरे वास्ते." मी शेजारीच उभी होते. सिस्टरनी माझा हात हातात घेतला, आणि मी हसले.